फ्लॅश मारायचा किती आणि कुठे

काळ्या टी-शर्टवर पिवळा थेट छापला तर तो पिवळा राहत नाही, शेवाळी दिसतो. वर आणखी एक हात मारला तरी फार सुधारत नाही, कारण खालचा काळा झाकण्याची ताकद पिवळ्या पिगमेंटमध्ये नसते. ती पांढऱ्यात असते. पांढऱ्या इंकमधल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक २.७ च्या घरात, तर ज्या पीव्हीसीत तो मिसळलेला असतो तिचा दीडच्या आसपास. या फरकामुळे प्रकाश कापडापर्यंत न पोचता वरच्या वर विखरून परत फिरतो. म्हणून गडद कापडावर आधी पांढऱ्याचा बेस आणि मग पिवळा, भगवा, लाल असा क्रम लागतो. गोविंदा पथकाचा कार्यकर्ता 'दोनच रंग आहेत, काका' म्हणत जे डिझाइन आणतो ते गाळ्यात पोचताच तीन फ्रेमचं होतं आणि बिलावरून वाद सुरू होतो.

तिसरी फ्रेम एकवेळ समजावता येते. पांढरा आणि पिवळा यांच्यामध्ये द्यावी लागणारी काही सेकंदांची उष्णता समजावणं कठीण. ओल्या बेसवर पिवळ्याची फ्रेम टेकली की पांढरा तिच्या पाठीला लागतो, पुढच्या पिसावर उतरतो, पिवळ्यात मिसळून त्यालाही फिका करतो. त्यामुळे बेस छापला की पीस तापलेल्या पॅनेलखाली न्यायचा, इंक धरली गेली की बाहेर काढायचा आणि मगच पुढचा रंग घ्यायचा. कारखान्यात याला नुसतं 'फ्लॅश मारणं' म्हणतात. हे काम इतकं रोजचं झालं आहे की तो किती वेळ मारावा, किती वेळा मारावा, मुळात मारावा का, हे प्रश्न एखादा नवा मुलगा मशीनवर उभा राहतो तेव्हाच निघतात. उत्तर बहुधा 'येईल हळूहळू अंदाज' एवढंच मिळतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. फ्लॅश कुठे मारायचा हे मशीनवर ठरवायला बसलं की निम्मं काम बिघडलेलं असतं. ते कॉम्प्युटरवर सेपरेशन करतानाच, म्हणजे डिझाइनमधला प्रत्येक रंग आपापल्या फ्रेमसाठी वेगळा काढतानाच, ठरायला हवं.

तरी सुरुवात इंकपासूनच करावी लागेल. टी-शर्ट छपाईत सगळ्यात जास्त चालणारी प्लास्टिसॉल इंक म्हणजे पीव्हीसीची बारीक पूड आणि प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव यांचं मिश्रण. तिच्यात उडून जाण्यासारखं जवळजवळ काही नसतं, त्यामुळे ती वाळत नाही. रात्री फ्रेममध्ये तशीच ठेवली तर सकाळी तितकीच ओली मिळते. छापणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय आहे आणि अडचणही तीच. उष्णता मिळाली की पुडीचे कण प्लास्टिसायझर शोषून फुगतात आणि एकमेकांना भिडतात. साधारण ८० ते १२० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात, इंकच्या जातीनुसार, थर धरला जातो. हे झालं जेल. पुढे १६० च्या आसपास कण एकमेकांत पूर्ण मिसळून सलग, ताणता येणारी फिल्म तयार होते. हे झालं पूर्ण क्युअर. अलीकडच्या लो-क्युअर इंक १३० ते १४० अंशांतही पक्क्या होतात. फ्लॅशचं काम पहिल्या टप्प्यापर्यंत नेऊन थांबण्याचं आहे. दुसरा टप्पा कन्व्हेयर ड्रायरचा.

फ्लॅशची गरज सगळीकडे सारखी नसते, आणि पूर्वी ती आजच्याइतकी नव्हतीच. मुंबईत आणि तिरुपूरला लांब टेबलावर छपाई करणारे कारखाने आजही आहेत. शिलाईआधीचे कापलेले भाग टेबलावर गमने ओळीने चिकटवायचे आणि फ्रेम घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे छापत जायचं. शेवटच्या पिसापर्यंत पोचून, फ्रेम बदलून पहिल्याशी परत येईस्तोवर पिगमेंटची पाण्याची इंक पंख्याखाली बऱ्यापैकी सुकलेली असते. दोन रंगांमधला वेळ इथे चालण्यातच मिळतो. हे गणित कॅरोसेलने मोडलं. अमेरिकेत मायकेल व्हॅसिलँटोन यांना बहुरंगी गारमेंट छपाईच्या फिरत्या मशीनचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं. त्या रचनेत पीस एका पॅलेटवरच राहतो आणि एकामागून एक फ्रेम त्याच्यावर येतात. दोन रंगांमध्ये उरतात मोजके सेकंद. तेवढ्यात प्लास्टिसॉलसारखी न वाळणारी इंक थांबवायची तर उष्णतेशिवाय मार्ग नाही. पुढे टेबलावरही प्लास्टिसॉल आली तेव्हा टेबलाच्या कडेच्या रुळांवरून सरकणारे फ्लॅश बसवले गेले.

आता मुख्य मुद्दा. फ्लॅश कमी पडला तरी बिघडतं आणि जास्त झाला तरी बिघडतं, आणि दोन्ही वेळा लक्षण पहिल्या नजरेला सारखंच दिसतं: पुढच्या फ्रेमच्या पाठीला पांढरा लागतो. इथे घाई न करता फ्रेम उलटी करून नीट पाहावी. पाठीवर ओला, पुसट, बोटाने पसरणारा डाग असेल तर उष्णता कमी पडली. पांढऱ्याची पातळ कातडी सुटून चिकटल्यासारखी दिसत असेल, तर पीस गरजेपेक्षा जास्त तापला होता आणि थंड न होताच पुढच्या फ्रेमखाली आला. गरम जेल चिकट असतं आणि जास्त तापलेलं आणखी चिकट. दुसऱ्या प्रकारात बरेच जण घड्याळ दोन सेकंदांनी वाढवतात आणि दुखणं वाढवून घेतात. उपाय उलटा असतो. वेळ कमी करायची, फ्लॅशनंतर एक स्टेशन मोकळं सोडायचं, त्यावर पंखा लावायचा.

बरोबर फ्लॅश ओळखायची परीक्षा बोटाची. थर किंचित चिकट लागला पाहिजे, पण बोटाला रंग येता कामा नये. कडक, कोरडा लागला तर पुढे गेलात असं समजावं. त्याची शिक्षा त्या क्षणी दिसत नाही. पिवळा छान बसतो, पीस ड्रायरमधून चकचकीत बाहेर येतो, माल जातो, आणि तिसऱ्या धुण्याला पिवळा पापुद्र्यासारखा सुटतो. खाली पांढरा शाबूत. याचं कारण बेसच्या अवस्थेत आहे. बेस अर्धवट धरलेला असतो तेव्हा वरच्या थरातलं प्लास्टिसायझर त्याच्यात थोडं शिरतं आणि ड्रायरमध्ये दोन्ही थर मिळून एक फिल्म होते. बेस आधीच पूर्ण क्युअर झाला असेल तर पिवळ्याला धरायला काही राहत नाही. ग्राहक मात्र म्हणतो, इंक हलकी वापरली. मालकही इंकवाल्याला फोन लावतो. चाचणी साधी आहे. ड्रायरमधून आलेला पहिला पीस गार झाला की छपाईवर नख ओढायचं आणि कापड दोन्ही हातांनी ताणायचं. वरचा रंग खालच्यापासून वेगळा होत असेल तर दोष फ्लॅशमध्ये शोधावा. दोन्ही थर मिळून तडकले तर ड्रायर कमी पडला.

सेकंद किती, हे विचारणाऱ्याला एक आकडा देता येत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. सकाळी पॅलेट गार असतात, त्यामुळे पहिल्या फेऱ्यांना दहा-बारा सेकंदही लागतात. तासाभरात पॅलेट तापतात, कापडाला खालूनही ऊब मिळते, आणि तेच काम चार-पाच सेकंदांत होतं. सकाळी लावलेलं टायमर दुपारपर्यंत तसंच राहिलं तर दुपारचा सगळा माल जास्त फ्लॅश झालेला असतो. शिस्तीचे कारखाने रिकामे पॅलेट आधी तापवून घेतात, मगच पहिला पीस चढवतात. शिवाय टेम्परेचर गनने पॅलेट अधूनमधून तपासतात. गन फक्त पृष्ठभागाचं तापमान सांगते, थराच्या आतलं नाही, एवढं लक्षात ठेवलं तर ती उपयोगी आहे.

आपल्याकडे यात पावसाळ्याची भर पडते. कापसाचं कापड ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरून असतं, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. श्रावणातल्या मुंबईत हवा त्याहून बरीच दमट असते, आणि नेमका तोच दहीहंडी-गणपतीचा हंगाम. पहिल्या फ्लॅशमध्ये आधी हे पाणी निघतं. त्यात दोन गोष्टी होतात. उष्णतेचा वाटा वाफेत जातो, म्हणून इंकला वेळ लागतो. कापड आकसतं, म्हणून बेसवर बसवलेला पिवळा एका कडेने बाहेर डोकावतो. रजिस्ट्रेशन हललं म्हणून फ्रेमचे नट आवळत बसणाऱ्याला खरं कारण सापडतच नाही. यावरचा उपाय जुनाच आहे: छपाईआधी कोरा पीस पॅलेटवर चढवून एकदा फ्लॅशखालून काढायचा, जे आकसायचं ते आधीच आकसून जातं. मोठ्या ऑर्डरमध्ये हे परवडत नाही म्हणणाऱ्यांनी रिजेक्शनचा हिशेब मांडून पाहावा. सेपरेशनमध्ये बेस वरच्या रंगापेक्षा कडेने साधारण एक पॉइंट, म्हणजे सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर, आत घेऊन ठेवला तर तेवढं हलणं झाकलं जातं.

उपकरणांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. इन्फ्रारेड पॅनेल सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ. ते तापायला वेळ घेतं आणि दिवसभर चालू राहतं. क्वार्ट्झ दिव्यांचा फ्लॅश पीस खाली आला की पेटतो, गेला की विझतो. तो वेगवान आहे, पण त्याच्या आखूड लहरी रंगाप्रमाणे वागतात. काळी इंक त्या पटकन शोषते, पांढरी परतवते. नेमका बेसच पांढरा असतो हा त्यातला विनोद. लांब लहरींच्या पॅनेलला रंगाचा फरक कमी पडतो. गरम हवा फेकणारे फ्लॅश पाण्याच्या इंकसाठी. पॅनेलची उंची पिसापासून पाच ते आठ सेंटिमीटर, आणि ती चारही कोपऱ्यांत सारखी हवी. तिरक्या पॅनेलखाली एक कोपरा करपतो आणि समोरचा ओला राहतो. विजेचा विचार खरेदीआधी करावा. तीन किलोवॅटचं पॅनेल २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतं, म्हणजे १६ अँपिअरचा एक सॉकेट त्यातच जवळपास संपला. सहा किलोवॅटला २६ अँपिअर लागतात, तिथे वेगळी लाइन घ्यावीच लागते. जुन्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांचं वायरिंग पाहता ही बाब किरकोळ नाही. मशीन थांबलं की पॅनेल पिसावरून बाजूला फिरवण्याची सवयही तशीच लावून घ्यावी. थांबलेल्या पॅलेटवरचं कापड आधी पिवळं पडतं, मग धुमसतं.

आता वादाचा प्रश्न: फ्लॅश किती? छापणाऱ्यांत इथे सरळ दोन तट आहेत. एक तट म्हणतो, बेस छापा, फ्लॅश, पुन्हा बेस, फ्लॅश, मग रंग, आणि प्रत्येक रंगानंतर फ्लॅश. काम स्वच्छ येतं, कडा धारदार राहतात, कामगार नवखा असला तरी चालतो. दुसरा तट म्हणतो, बेसनंतर एकच फ्लॅश आणि पुढचे सगळे रंग ओल्यावर ओले. माझा कल दुसऱ्याकडे आहे, आणि त्याला कारण हिशेबाचं आहे. स्वयंचलित मशीनची चाल सगळ्यात मंद स्टेशनवर ठरते. छापायला चार सेकंद, फ्लॅशला आठ आणि फिरायला दोन लागत असतील, तर पिसाला दहा सेकंद, तासाला ३६०. फ्लॅश चार सेकंदांवर आणला की सहा सेकंद, तासाला ६००. शिवाय प्रत्येक फ्लॅश मशीनवरचं एक स्टेशन खातो आणि थंड व्हायला दुसरं. आठ रंगांचं म्हणून घेतलेलं मशीन दोन फ्लॅश लावले की चार-पाच रंगांचं उरतं. हातमशीनवर वेगळ्या रीतीने तेच होतं. चार पॅलेटचं मशीन असेल तर एक पीस फ्लॅशखाली असताना दुसरा छापता येतो, पण दोन फ्लॅशच्या कामात माणूस पॅनेलकडे बघत उभा राहतो.

पहिल्या तटाचा माल बहुतेक वेळा जाडही असतो. उकाड्यात छातीवर प्लास्टिकचा पत्रा लावल्यासारखा वाटणारा मंडळाचा टी-शर्ट सगळ्यांनी घातलेला आहे. थरावर थर चढवून अपारदर्शकता मिळवायची ही सवय बहुधा फ्रेममधल्या दोषावर पांघरूण घालते. जाळी ढिली असेल, स्क्वीजीची धार गेली असेल, फ्रेम आणि कापडात अंतर नसेल, तर पांढरा कापडावर न बसता धाग्यांत घुसतो आणि तंतू उभे राहतात. मग दुसरा थर लागतो, आणि त्यासाठी फ्लॅश. तेच सेंटिमीटरला ४३ किंवा ५४ धाग्यांची घट्ट ताणलेली जाळी, ७० ड्युरोमीटरची धारदार स्क्वीजी आणि दोन-तीन मिलिमीटरचं अंतर ठेवलं, तर एका थरात रंगीत कामापुरता बेस मिळतो. फक्त पांढरा आकडा किंवा पांढरं नाव एकटं दिसणार असेल तिथे दुसरा पांढरा हात आणि त्याआधीचा फ्लॅश मला मान्य आहे.

ओल्यावर ओलं छापायचं तर सेपरेशन करणाऱ्याला डोकं चालवावं लागतं. एकमेकांना न शिवणारे रंग कुठल्याही क्रमाने सलग जाऊ शकतात. त्यांच्यात फ्लॅश घालणं म्हणजे वीज जाळणं. शिवणारे रंग असतील तर फिका आधी, गडद नंतर, आणि कमी जागा घेणारा आधी, मोठा पसरलेला शेवटी, म्हणजे पुढच्या फ्रेमच्या पाठीला लागण्यासारखी ओली इंक कमीत कमी राहते. हे दोन नियम एकमेकांशी भांडतात तेव्हा डिझाइन पाहून निर्णय घ्यावा लागतो. समजा काळ्या टी-शर्टवर भगवा झेंडा, पिवळी किनार आणि लाल अक्षरं आहेत. बेस, फ्लॅश, पिवळा, भगवा, लाल. लाल अक्षरं भगव्यावर पडतात तिथे भगव्यात त्यांच्या आकाराची जागा मोकळी सोडली, तर लालला थेट पांढरा बेस मिळतो. तो उजळ दिसतो आणि दुसऱ्या फ्लॅशचं कामच पडत नाही. मोकळी सोडलेली ती जागा कॉम्प्युटरवर मिनिटभराचं काम आहे. ती राहून गेली तर मशीनवर त्याची भरपाई दर पिसाला होते. वरच्या रंगांना ९० धाग्यांची जाळी पुरते. थर पातळ पडतो, आणि पातळ थर पुढच्या फ्रेमच्या पाठीला कमी लागतो.

गेल्या काही वर्षांत पथकांनी, क्रिकेटच्या टीमनी आणि मॅरेथॉनवाल्यांनी सुती टी-शर्ट सोडून ड्राय-फिट घेतले, आणि फ्लॅशला नवं दुखणं लागलं. पॉलिएस्टर डिस्पर्स डायने रंगवलेलं असतं. हा डाय उष्णतेने सुटून वायुरूप होतो आणि वरच्या इंकमधल्या प्लास्टिसायझरमध्ये जाऊन बसतो. मरून जर्सीवरचा पांढरा आकडा गुलाबी होतो तो असा. गंमत अशी की छापताना तो पांढराशुभ्र असतो, एक-दोन दिवसांनी गठ्ठा सोडल्यावर रंग बदललेला दिसतो. दोष ड्रायरला दिला जातो, आणि तो बराचसा खराही असतो, पण तीनदा फ्लॅश मारलेला पीस ड्रायरपर्यंत पोचतो तेव्हाच भरपूर उष्णता खाऊन आलेला असतो. इथे लो-क्युअर, लो-ब्लीड पांढरा घ्यावा. गडद लालसारख्या कापडावर खाली कार्बनयुक्त करडा किंवा काळा अडथळा-थर टाकावा. फ्लॅश लागेल तेवढाच, शक्य तितका थोडा. आणि ड्रायरमधून निघालेले गरम पीस एकावर एक रचू नयेत. सुती टी-शर्टला लावलेली सेटिंग ड्राय-फिटला तशीच चालवणारे कारखाने मी पाहिले आहेत. त्यांच्या तक्रारी हंगाम संपल्यावर येतात.

पाण्याच्या इंकचा प्रश्न वेगळा आहे, आणि निर्यातीच्या मालात तो टाळता येत नाही. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने मुलांच्या खेळण्यांत आणि संगोपनाच्या वस्तूंत ठरावीक थॅलेट्सवर ०.१ टक्क्याची मर्यादा आली आणि इंक कंपन्यांना प्लास्टिसायझर बदलावे लागले. सेंद्रिय कापडाच्या गॉट्स मानकात तर पीव्हीसीलाच जागा नाही. तिरुपूरच्या निर्यातदारांना म्हणून पाण्याच्या इंक शिकाव्या लागल्या. इथे फ्लॅशचं काम कण फुगवण्याचं नसून पाणी उडवण्याचं आहे, आणि ते महाग आहे. एक ग्रॅम पाणी ३० वरून १०० अंशांवर न्यायला २९० ज्यूल पुरतात. त्याची वाफ करायला आणखी २,२६० ज्यूल लागतात. नुसतं इन्फ्रारेड पॅनेल धरलं तर वाफ पिसावरच घुटमळते, म्हणून उष्णतेबरोबर हवेचा झोत हवा. पुन्हा तापलेल्या पॅलेटमुळे पुढच्या फ्रेममधली इंक जाळीतच सुकते, बारीक रेघा बुजतात. म्हणजे प्लास्टिसॉलमध्ये उपयोगी पडणारी पॅलेटची ऊब इथे शत्रू ठरते. डिस्चार्ज इंकने काळ्या सुती कापडाचा मूळ रंगच उडवता येतो, त्यामुळे पांढऱ्या बेसचं ओझं कमी होतं. पण ही रासायनिक क्रिया ओलावा आणि उष्णता एकत्र असताना चालते. तिला मध्येच फ्लॅश मारून कोरडं केलं तर रंग अर्धवट उडतो. तिथे ओल्यावर ओलं हाच मार्ग. वास मात्र सहन करावा लागतो, आणि हवा खेळती नसलेल्या गाळ्यात ते काम घेऊच नये.

छोट्या गाळ्यांत फ्लॅशवरच शेवटचं क्युअरिंग उरकलं जातं, कधी हीट गननेही. फ्लॅशखाली ते होऊ शकतं, पण पॅनेलच्या मध्यभागी १६० अंश येतात तेव्हा कडेला ते आलेलेच असतात असं नाही. मग छातीवरचं नाव टिकतं आणि त्याच्या दोन्ही टोकांची अक्षरं तडकतात. हीट गनबद्दल न बोललेलं बरं.

पंचवीस-पन्नास पिसांची बहुरंगी कामं आता डीटीएफने नेली आहेत. तिथे क्रमच उलटा आहे. फिल्मवर आधी रंग, त्यांच्यावर पांढरा, त्यावर गमाची पावडर, आणि सगळं एकदम हीट प्रेसने कापडावर. रंगांच्या मध्ये थांबणं नाहीच. मोठ्या कारखान्यांत पांढरा बेस स्क्रीनने, त्यावर फ्लॅश आणि वरचं चित्र डिजिटल, अशी मिश्र मशीनंही चालतात. तिथे फ्लॅश एकच असतो, पण तो चुकला तर वरचं सगळं चित्र सुटतं. निव्वळ स्क्रीनकडे उरतो तो मोठ्या संख्येचा माल. दहा हजारांच्या ऑर्डरमध्ये दर पैशांवर ठरतो, आणि चाल चार सेकंदांनी मंदावली तर प्रत्येक हजार पिसांमागे तासाहून जास्त वेळ जातो.